आखाजीचं बेसिन

मी जळगावला पाइपांची बिलं करतो. एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या हिशेब विभागात खुर्ची धरून एकोणीस वर्षं झाली. एल्बो, टी, रिड्यूसर, कपलर, युनियन, अर्ध्या इंचापासून चार इंचापर्यंत कशाचा काय भाव आणि कशावर किती सूट, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. यातला एकही नग मी स्वतःच्या हाताने कधी पाइपाला लावला नव्हता. पण धुळ्यात, आमच्या गल्लीत, मला सगळे ‘पाइपवाला’ म्हणूनच ओळखतात. कुणाचा नळ गळायला लागला की ‘तू सांग भाऊ, काय टाकू?’ म्हणून विचारतात. मीही गंभीर चेहरा करून ‘पाऊण इंची टाका’ असं काहीतरी सांगून मोकळा होतो. पुढचं सगळं या ओळखीपायी घडलं.

वडील गेल्यापासून आई धुळ्याच्या घरी एकटीच असते. जळगावला चल म्हटलं की ‘मग इथे दिवा कोण लावील’ म्हणते. घर जुनं, विटामातीचं. मागच्या बाजूला मोरी, तिला वीतभर उंचीचा काठ. हात धुणं, तोंड धुणं, तांब्या घासणं, सगळं उकिडवं बसून. तिच्या गुडघ्यांनी दोन वर्षांपूर्वी संप केला आणि डॉक्टरांनी सांगितलं, खाली बसणं बंद. आईने माझ्याकडे आयुष्यात फार कमी गोष्टी मागितल्या. त्या वर्षी चैत्रात फोनवर म्हणाली, उभ्याने हात धुता येईल असं काहीतरी करून दे. आखाजीला ताई येणार होती, त्याच्या आत झालं तर बरं.

खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि आमच्याकडे तिचं मोठेपण दिवाळीएवढं. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, पुरणपोळी आणि आमरस होतो. गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरून पुजतात. आणि ज्याचा कुणी मोठ्याने उल्लेख करत नाही तो भाग म्हणजे पत्ते. आखाजीला गावोगाव डाव मांडले जातात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

‘प्लंबर कशाला? मीच बसवतो,’ असं मी आईला सांगितलं. मजुरीचे सहा-सातशे रुपये वाचतील हा एक हिशेब. खरा हिशेब वेगळा होता. एकोणीस वर्षं पाइपांत काढलेला माणूस घरात प्लंबर बोलावतो, हे गल्लीला दिसायला नको होतं.

सामान मी जळगावातून घेतलं. बेसिन, पिलर कॉक, वेस्ट कपलिंग, अँगल कॉक, कनेक्शन पाइप, टेफ्लॉन टेप. दुकानदार ओळखीचा. त्याने विचारलं, ‘कपलिंग हाफ थ्रेड देऊ का फुल थ्रेड?’ मला दोन्हींचे भाव माहीत होते, फरक माहीत नव्हता. ‘फुल दे,’ म्हणालो. फुल म्हणजे जास्त, जास्त म्हणजे चांगलं, एवढंच माझं शास्त्र. बेसिन काठोकाठ भरलं तर पाणी जायला वरच्या बाजूला जे भोक असतं, त्यातलं पाणी आतल्या पोकळीतून येऊन कपलिंगच्या खाचांतून खाली उतरतं. या खाचा हाफ थ्रेडलाच असतात. माझ्या बेसिनला ते भोक होतं. म्हणजे दुकानातून निघतानाच मी ते बुजवून निघालो होतो. टी घेताना असंच. पितळी आट्यांचा आणि साध्या प्लॅस्टिकच्या आट्यांचा, असे दोन नग समोर ठेवले. पितळी महाग. किती महाग हे मला पैशांत पाठ होतं. साधा उचलला.

चिनी मातीचं बेसिन एसटीने न्यायचं म्हणजे लहान पोर नेण्यासारखं. जळगाव ते धुळे नव्वदएक किलोमीटर. पाळधी, एरंडोल, पारोळा, प्रत्येक गतिरोधकाला मी ते मांडीवरून उचलून हवेत धरत होतो. पारोळ्याला चढलेल्या एका म्हातारीने ‘देव शे का?’ म्हणून विचारलं आणि नाही म्हटल्यावर सरकून बसायचं रद्द केलं.

धुळ्याच्या जुन्या पेठेतल्या गल्ल्या सरळ आहेत. १८१९च्या सुमारास कॅप्टन ब्रिग्जने खानदेशाचं मुख्य ठाणं इथे आणलं आणि पेठ आखून वसवली, असं शाळेत शिकवायचे. सरळ गल्लीचा एक तोटा असा की तोंडाशी शिरलेला माणूस शेवटच्या ओट्यापर्यंत दिसतो. मी बेसिन खांद्यावर घेऊन घरी पोचेपर्यंत चार जणांनी विचारलं आणि चौघांनाही मी उत्साहाने सांगितलं, हो, मीच बसवणार.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी मोरीशेजारच्या भिंतीपाशी उभा राहिलो. उंची किती ठेवायची? मापपट्टी लावली. बत्तीस इंचांवर खूण केली, वाकून तोंड धुतल्यासारखं करून पाहिलं. कमरेत कळ आली. चौतीस. अजून थोडं. पस्तीस इंचांवर मला अगदी आरामात जमलं. माझी उंची पाच फूट दहा. आई तेव्हा आत डाळ शिजवत होती. तिला दोन मिनिटं बाहेर बोलावून उभं करावं, असं माझ्या मनातही आलं नाही. सगळ्या चुकांत लाजिरवाणी ही, आणि हिच्यात पाइपाचा, पान्ह्याचा काही संबंधच नाही.

ड्रिल मशीन शेजारून मागून आणलं होतं. मोरीला बाबांनी १९९४ साली निळ्या फुलांच्या टाइल्स लावल्या होत्या, चार ओळी. पाइपाच्या क्लॅम्पसाठी तिथे एक भोक हवं होतं. टाइलला भोक पाडताना हातोड्याचं बटण बंद ठेवायचं, सावकाश पाडायचं. मी ते चालूच ठेवलं. एक फूल गेलं. आईने आवाज ऐकून आतूनच विचारलं, ‘काय करी राह्यना रे भाऊ?’ मी म्हटलं, काही नाही, चालू आहे.

मग बेसिनची भिंत. सिमेंटचा गिलावा बोटभर, त्यामागे विटा आणि माती. ड्रिल गिलावा ओलांडून गेलं आणि एकदम लोण्यात शिरल्यासारखं आत घुसलं. भोकातून लाल-पिवळी माती गळायला लागली. प्लॅस्टिकचा गट्टू ठोकला तर तो स्क्रूबरोबर जागच्या जागी फिरे. अशा भिंतीत गट्टू धरत नाही, खड्डा करून ब्रॅकेट सिमेंटमध्ये गाडावे लागतात आणि दोन दिवस हात लावायचा नसतो, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मी जे केलं ते घराघरांतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. गट्टूभोवती आगपेटीच्या काड्या ठोकल्या. स्क्रू घट्ट झाला. इतका की मला स्वतःचं कौतुक वाटलं.

घट्ट. त्या दिवसाचा माझा एकच मंत्र होता. गळू नये म्हणून घट्ट. जुन्या लोखंडी पाइपाचा नळ काढून मध्ये तो साध्या आट्यांचा टी बसवायचा, एका तोंडाला नळ परत लावायचा, दुसऱ्या तोंडावरून बेसिनला पाणी न्यायचं. टेफ्लॉन किती गुंडाळायचा? दहा-बारा वेढे पुरतात. मी अख्खं रीळ संपवलं. नळाच्या आट्यांवर पांढरं मुंडासं बांधल्यासारखं दिसत होतं. ते टीमध्ये हाताने अर्धंच गेलं, मग पाइप पाना लावला आणि दोन्ही हातांनी, पाय भिंतीला टेकून, आवळलं. एका वळणावर ‘टक्’ असा बारीक आवाज आला. बसलं वाटतं, म्हणालो. अँगल कॉकचंही तेच. आवळता आवळता त्याचं तोंड भिंतीकडे गेलं, म्हणून पाव वळसा उलटा फिरवून सरळ केला. टेफ्लॉनवर आवळलेला जोड मागे फिरवला की गळतो. जुने मिस्तरी सुतळी आणि सफेदा का वापरायचे, त्याचं एक कारण हेच. तो जोड थोडा मागेपुढे झाला तरी निभावतो.

सांडपाण्याचं मी फार सोपं केलं. कपलिंगला लवचीक वेस्ट पाइप लावला आणि त्याचं दुसरं टोक सरळ मोरीच्या गटारात सोडलं. बॉटल ट्रॅप घेतलाच नव्हता. ती बाटली कशासाठी असते हेच ठाऊक नव्हतं. बिलात ती ‘शोभेचं सामान’ असावं असा माझा समज.

संध्याकाळी पाच वाजता पाणी सुरू केलं. नळातून धार आली, बेसिनमधून गेली, खाली एक थेंब नाही. अँगल कॉकला थोडा ओलावा होता, तो मी फडक्याने पुसला. शेजारचे आप्पा बघायला आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे पाण्याच्या कामावर बोलणं हा त्यांना स्वतःचा हक्क वाटतो. त्यांनी वाकून खाली पाहिलं, म्हणाले, ‘आणि वास?’ मला प्रश्न कळला नाही. मी म्हटलं, ‘कसला वास आप्पा, नवीन बेसिन आहे.’ ते ‘बरं’ म्हणून गेले.

त्या उन्हाळ्यात आमच्या भागात नळाला आठव्या दिवशी पाणी येत होतं. नळ येऊन एकच दिवस झाला होता. गच्चीवरची पाचशे लिटरची काळी टाकी गळ्यापर्यंत भरलेली. आई एकटी असल्याने ती आठ दिवस पुरते, वर उरते. त्या वर्षी ताई, तिची दोन मुलं आणि मी, म्हणून तिने घरातले हंडे, बादल्या आधीच वापरून टाकीला हात लावला नव्हता. उकाडा असा की मी गच्चीवर सतरंजी टाकली, टाकीला डोकं लावून. रात्री टाकीतून मंद खळखळ ऐकू येत होती. मला ती बरी वाटली. पाण्याशेजारी झोपल्यासारखं. आई खाली कूलर लावून झोपली होती, तिच्या कानावर कूलरशिवाय काही पडणं शक्य नव्हतं. आणि टीमधून निघालेलं पाणी टाइलवरून ओघळत मोरीत आणि मोरीतून गटारात. ना फरशी ओली झाली, ना कुणाचं पाऊल भिजलं.

मिनिटाला एक लिटर गळलं तर आठ तासांत चारशेऐंशी लिटर होतं. हे गणित मी सकाळी सहा वाजता रिकाम्या टाकीत हात घालून केलं. तळाला माझ्या मनगटाएवढंही पाणी नव्हतं.

खाली आई मोरीसमोर उभी होती. ओरडली वगैरे नाही. एवढंच म्हणाली, ‘बठ्ठं पानी गयं.’ तो आखाजीचा दिवस होता. बाबांच्या नावाची घागर भरायची होती. मातीची नवी घागर धुऊन, पुसून, कुंकवाची बोटं लावून देवापाशी ठेवलेली होती, आणि घरात पाणी किती, तर पिण्याच्या माठात असेल तेवढं. नऊच्या गाडीने ताई येणार.

मी आप्पांकडे गेलो. त्या गल्लीत, त्या महिन्यात, कुणाच्या दारात हंडा घेऊन उभं राहणं म्हणजे काय, ते ज्यांच्याकडे रोज नळ येतो त्यांना सांगून कळायचं नाही. आप्पांनी न विचारता दोन हंडे भरून दिले. काकू म्हणाल्या, घागर आधी भरा, बाकीचं पुढे बघू. त्या पाण्याने बाबांची घागर भरली. वर खरबूज, आंबे, सांजोरी ठेवून आईने हात जोडले. मी मागे उभा होतो. बाबांना पाणी पोचत असेल तर त्या वर्षी ते आप्पांच्या टाकीचं पोचलं.

आता प्लंबर हवाच होता. आणि आखाजीच्या दिवशी खानदेशात प्लंबर शोधणं! तिसऱ्या फोनला एक मिस्तरी लागला, मागे पत्ते पिसल्याचा आवाज येत होता. म्हणाला, संध्याकाळी बघू. आप्पांनी माझ्या हातातून फोन घेऊन त्याला काहीतरी सांगितलं, काय ते मला अजून माहीत नाही. चार वाजता तो आला. ‘चांगला डाव मोडून आलोय,’ हे त्याचं पहिलं वाक्य.

त्याने खाली बसून पाच मिनिटं नुसतं पाहिलं. मग विचारलं, ‘हे कुणी केलंय?’

ताई होती, तिची पोरं होती, आप्पा दारात होते. मी म्हणालो, ‘होता एक जण. देवपुरातला.’

मग त्या देवपुरातल्या प्लंबरची जी काही हजेरी घेतली गेली, ती मी मान डोलावत ऐकली. ‘साधा टी? लोखंडी पाइपावर? भाऊ, यात पितळी आट्यांचाच लागतो. आणि इतकं टेफ्लॉन? पाचर मारल्यासारखं होतं ते, फाटणारच.’ त्याने टी काढून माझ्या तळहातावर ठेवला. तोंडाच्या कडेपासून निघालेली केसाएवढी रेघ, वाकडी, बोटाच्या पेरापर्यंत गेलेली. नखाने चाचपल्यावरच कळायची. ‘हा आवळतानाच तडकलाय. रात्री पाण्याच्या दाबाने उघडला. हाताने जाईल तेवढं न्यायचं, मग पान्ह्याने एखादा वळसा. जास्त जोर लावणारा माणूस नवशिका समजायचा.’ मग त्याने बेसिनला बोट लावलं. बेसिन हललं. आगपेटीची एक काडी खाली पडली. ती त्याने उचलून बराच वेळ पाहिली. ‘पैसे दिले का त्याला?’

‘नाही.’

‘देऊ पण नका.’

तेवढ्यात आई आतून चहा घेऊन आली आणि कप खाली ठेवता ठेवता, अगदी सहज, म्हणाली, ‘मना आंडोरनीच कयं ते.’ आंडोर म्हणजे मुलगा.

कुणी काही बोललं नाही. मिस्तरीने चहा उचलला. ताईच्या धाकट्याने विचारलं, ‘मामा, तू देवपुरात राहतो?’ मग आप्पा जे हसायला लागले ते त्यांना खोकला येईपर्यंत. मिस्तरी हसला नाही, याबद्दल मी त्याचा आजही आभारी आहे. पण बिल मात्र त्याने माझ्याकडे न पाहता आईला सांगितलं.

वासाचा प्रश्नही त्याच बैठकीत सुटला. दुपारपासून बेसिनच्या भोकातून गटाराचा भपका येत होता आणि ताईने त्यावर वाटी पालथी घातली होती. मिस्तरी ट्रॅप आणायला गेला तोवर आप्पांनी मला पायरीवर बसवून शिकवणी घेतली. अभियंते विश्वेश्वरय्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, १८८४ साली रुजू झाल्यानंतर लवकरच, धुळ्याला होते, आणि साक्रीकडे दातर्तीला पांझरा नदीवर त्यांनी पाइपाचा सायफन केला, हे आप्पांच्या खात्याचं कुलदैवत. पाणी खाली उतरवायचं, अडथळ्याच्या बुडाखालून न्यायचं आणि पलीकडे परत वर काढायचं. खालच्या वाकात पाणी कायम राहतं. बेसिनखालच्या बाटलीत तेच, वाटीभर पाणी अडून राहतं आणि गटाराची हवा त्या पाण्याच्या पलीकडेच थांबते. १७७५ साली लंडनच्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने संडासाच्या पाइपाला असाच वाक देऊन पेटंट घेतलं होतं, हे मी नंतर वाचलं. आप्पांना ते सांगितलं तेव्हा त्यांना आवडलं नाही. त्यांच्या दृष्टीने हा विषय पांझरेवरच संपतो. त्या दिवशी मला म्हणाले, ‘त्याने नदी ओलांडली, तुला मोरी ओलांडता येईना.’

शेवटी मिस्तरीने आईला बोलावलं. ‘माय, इथे उभ्या राहा. हात धुतल्यासारखं करा.’ आईची उंची पाच फुटांहून बरीच कमी. माझ्या पस्तीस इंचांच्या बेसिनवर हात नेताना तिला तळवे कोपरांच्या वर धरावे लागत होते, मग पाणी उलटं, मनगटावरून कोपराकडे यायचं. तिच्या पोलक्याच्या बाह्या ओल्या होत्या. मघाशी आप्पांच्या पाण्याने एकदाच तिने त्या बेसिनवर हात धुतले होते, माझं मन राखायला. मला काही बोलली नव्हती. मिस्तरीला म्हणाली, ‘पानी कोपरापावत येस.’

त्याने तिच्या हाताखाली पेन्सिल धरून भिंतीवर रेघ मारली. तीस इंच. तिथे दोन खड्डे खणले, ब्रॅकेट सिमेंटमध्ये गाडले, दोन दिवसांनी येऊन बेसिन चढवतो म्हणाला आणि खरंच आला. आखाजीच्या आत व्हायचं होतं ते आखाजीनंतर झालं. तोवर मी जळगावला परतलो होतो. ताईने व्हिडिओ पाठवला, आई नळ उघडते, बंद करते, परत उघडते, आणि ताई ओरडते, ‘आई, पाणी!’

तडकलेला टी माझ्या टेबलाच्या खणात आहे. एकदा एका सहकाऱ्याने तो पाहून विचारलं, परत आलेला माल का? हो म्हणालो. म्हणजे दुसरं खोटं.

भिंतीवर पस्तीस इंचांची माझी दोन भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवलेली दिसतात. फुटलेल्या टाइलच्या जागी आता पांढरी साधी टाइल आहे, निळ्या फुलाची मिळाली नाही. बेसिन मस्त चालतं. आई ताठ उभी राहून हात धुते. मी धुळ्याला गेलो की मला मात्र पाय फाकवून, कमरेत मोडून तोंड धुवावं लागतं, आणि पाठीमागून आई दर वेळी न चुकता विचारते, ‘उच्चं कराले सांगू का मिस्तरीले?’